गणिताचा तास आणि संगणकाची खोली

आम्ही कोल्हापुरात शाळेत होतो तेव्हा, म्हणजे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शाळेत संगणकासाठी एक स्वतंत्र खोली होती. दाराबाहेर चपला काढायच्या, पायपुसण्यावर पाय पुसायचे आणि रांगेने आत जायचे. आत दोन टेबलांवर दोन संगणक, त्यांवर मापाने शिवून घेतलेली कापडी झाकणे. एका यंत्राभोवती आम्ही पंधरा-वीस जण उभे. वीज असली तर आठवड्यातून एक तास. आम्हाला बेसिक भाषेतील चार-पाच ओळींची एक आज्ञावली पाठ होती; ती १ ते १० या संख्यांचे वर्ग पडद्यावर छापत असे. ४, ९, १६ असे आकडे उमटू लागले की आम्ही टाळ्या वाजवत असू. वर्ग आम्हाला ३० पर्यंत तोंडपाठ होते, ही गोष्ट वेगळी!

त्याच वेळी भिंतीपलीकडे दुसऱ्या तुकडीचा भूमितीचा तास चाललेला असे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हे शब्द आम्हाला स्पष्ट ऐकू येत. मधली ती भिंत तेव्हा खटकली नाही. पुढे संशोधनात पडल्यावर, संगणकाशिवाय आमचे स्वतःचे पान हलेनासे झाले, तेव्हा ती खटकू लागली. शाळेतील गणितासाठी म्हणून बनवलेली सॉफ्टवेअर जगात तोवर वीस-पंचवीस वर्षे होती. ती आमच्या गणिताच्या तासाला का आली नाहीत, आणि आता येत आहेत तर कशी, हे या लेखात पाहायचे आहे.

गणिताला साधनांचे वावडे कधीच नव्हते. 'पाटीगणित' हा जुना शब्दच पाहा. ज्या फळीवर हिशेब करायचा तिचे नाव सबंध विषयाला मिळाले. फळीवर धूळ पसरून आकडे काढत, म्हणून त्याच कामाला 'धूलिकर्म' असेही म्हणत. त्याआधीची शुल्बसूत्रे म्हणजे दोरीने वेदी आखण्याचे नियम. शुल्ब म्हणजे दोरी. युक्लिडची भूमिती पट्टी आणि कंपास या दोन साधनांवर उभी आहे. जॉन नेपियरची लॉगॅरिथमची कोष्टके १६१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गुणाकारांच्या जंजाळातून खगोलशास्त्रज्ञ सुटले. लॉग टेबलचे पुस्तक आपल्याकडे इतके रुजले, की बारावीच्या शास्त्र शाखेच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर ते वापरण्यास परवानगी आणि कॅल्क्युलेटरला मनाई अशी सूचना छापलेली आपण पाहिली असेल. परीक्षेच्या दालनात ज्या साधनाला प्रवेश मिळतो, ते वर्षभर वर्गातही राहते. ज्याला मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी खोली बांधावी लागते.

संगणकाच्या बाबतीत सुरुवात मात्र अगदी वेगळी झाली होती. १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉयरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे गणिती. जिनिव्हाला ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केल्यामुळे मूल विचार कसा करते, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यांना मुलांना संगणक शिकवायचा नव्हता. मुलांनी गणितात वावरावे, जसे परमुलखात राहिले की तिथली भाषा येऊ लागते तसे, आणि संगणक हा तो मुलूख व्हावा, अशी त्यांची कल्पना होती.

लोगोत एक कासव असते. आधी ते जमिनीवर फिरणारे खरेखुरे यंत्र होते, नंतर पडद्यावर आले. त्याला दोनच गोष्टी मुख्यतः सांगायच्या: इतके पुढे जा, आणि इतक्या अंशांतून वळ. पन्नास पुढे, नव्वद अंश उजवीकडे, असे चार वेळा सांगितले की चौरस. आता मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ते पन्नास पुढे, साठ उजवीकडे, असे तीन वेळा सांगते. कासव चालते, वळते आणि त्रिकोण काही मिटत नाही. अर्धा षटकोन काढून ते थांबते.

ही चूक सोन्याच्या मोलाची आहे. मूल उठून स्वतः कासवासारखे चालून पाहते आणि त्याच्या लक्षात येते, की कोपऱ्यावर आपण आतल्या कोनाइतके वळत नाही, बाहेरच्या कोनाइतके वळतो. ६० नव्हे, १२०. आणि कोणत्याही बहिर्वक्र आकृतीभोवती एक फेरी मारून पुन्हा त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले की एकूण वळण ३६० अंशच होते. बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांच्या बेरजेचे प्रमेय हेच. फळ्यावर ते सूत्र म्हणून येते, इथे ते पायाला कळते. (लोगो नसेल तर पटांगणावर खडूने आखूनही हा खेळ जमतो, आम्ही करून पाहिला आहे.)

आता याच लोगोचे आपल्याकडे काय झाले? ती आली, पण संगणकाच्या पुस्तकात. आम्ही पाहिलेल्या अनेक पुस्तकांत लोगोचा पाठ म्हणजे आज्ञांची यादी असते आणि शेवटी प्रश्न असतो: पुढील आज्ञांची पूर्ण रूपे लिहा. चौरस काढण्याची आज्ञावली मुले वहीत उतरवून घेतात. त्रिकोण न मिटण्याचा प्रसंग येतच नाही, कारण १२० हा आकडा पुस्तकातच छापलेला असतो.

याला कोणी एक माणूस जबाबदार नाही. संगणक आपल्या शाळांत ज्या वाटेने आला, ती वाटच तशी होती. ब्रिटनमध्ये बीबीसी या संस्थेने संगणक साक्षरतेचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र बाजारात आणले. त्याच्या लोकप्रिय नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती होती. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. आपल्या केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला, तो याच यंत्रांवर. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा होत्या. पुढे अशी सुमारे १२,००० यंत्रे राज्य सरकारांमार्फत देशभरातील शाळांना वाटली गेली. आठव्या पंचवार्षिक योजनेत प्रकल्पाचे रूप बदलले आणि बीबीसी मायक्रोचे वाटप बंद झाले.

प्रकल्पाच्या नावातच 'संगणक साक्षरता' होती, आणि या शब्दाने पुढचे सारे ठरवले. साक्षरता म्हटली की यंत्राची ओळख आली: कीबोर्ड कशाला म्हणतात, स्मृतीचे प्रकार किती. गणित, विज्ञान, भूगोल यांच्या शिक्षकांनी आपल्या विषयासाठी यंत्र वापरावे, हा विचार कागदावर होता. पण शाळेला एक-दोन यंत्रे मिळाली, तर ती कोण कुठल्या तासाला वापरणार? यंत्र महाग, म्हणून त्याला खोली. खोली म्हणून कुलूप. कुलूप म्हणून किल्ली सांभाळणारा एक शिक्षक. शिक्षक म्हणून वेळापत्रकात वेगळा तास, आणि तास म्हणून पुस्तक व परीक्षा. धूळ बसू नये म्हणून झाकण घातले जाई. यंत्र बिघडले तर जाब आपल्याला विचारला जाईल, हे त्या किल्लीवाल्या शिक्षकांना ठाऊक असे, म्हणून मुलांनी कळांना फार हात लावू नये, असेही त्यांना वाटे. आम्हाला तेव्हा त्यांचा राग येई, आज येत नाही. २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल' योजना आली. तिने यंत्रांची संख्या वाढवली, पण खोली बहुतेक ठिकाणी खोलीच राहिली.

दरम्यान भूमितीत एक मोठी गोष्ट घडली होती. फ्रान्समधील ग्रनोबल येथे ज्याँ-मारी लाबोर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात 'काब्री' हे सॉफ्टवेअर तयार केले. हे नाव ज्या फ्रेंच शब्दांपासून बनले त्यांचा अर्थ 'कच्ची वही'. नाव ठेवणाऱ्याने शाळा पाहिलेली होती, यात शंका नाही! अमेरिकेत निकोलस जॅकिव यांचे 'जिओमीटर्स स्केचपॅड' १९९१ मध्ये आले. दोन्हींचे मर्म एकच. पडद्यावर त्रिकोण काढायचा, मध्यगा काढायच्या आणि मग एखादा शिरोबिंदू धरून ओढायचा. त्रिकोण बदलतो, मध्यगाही बदलतात, पण त्या एका बिंदूत मिळायचे सोडत नाहीत. कागदावरची आकृती हे एक उदाहरण असते. ओढता येणारी आकृती म्हणजे उदाहरणांची रांग. मात्र ही सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागत, त्यामुळे आपल्या अनुदानित शाळांपर्यंत ती जवळजवळ पोहोचलीच नाहीत.

ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१-०२ मध्ये आपल्या प्रबंधासाठी 'जिओजेब्रा' लिहिले. भूमिती आणि बीजगणित यांच्या इंग्रजी नावांचा जोड म्हणजे हे नाव. आकृती ओढली की तिचे समीकरणही बदलताना दिसते. शाळांना ते विनामूल्य मिळाले, आणि त्याने चित्र पालटले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने त्याचे पाठ तयार केले. बालभारतीची नववीची नवी गणिताची पुस्तके २०१७ मध्ये आणि दहावीची २०१८ मध्ये आली, तेव्हा त्यांतील छोट्या चौकटींत जिओजेब्राचे नाव छापलेले होते. म्हणजे भिंतीला अखेर एक खिडकी पडली, तीही गणिताच्या पुस्तकाच्या बाजूने. चौकट दोन-तीन ओळींची असते आणि तिच्यावर परीक्षेत गुण नसतात. पुष्कळ वर्गांत ती वाचून पान उलटले जाते, हे आपण सारे जाणतोच.

खिडकी उघडली की काय होते, याचा एक तास आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातील एका शाळेत मागे बसून पाहिला. नववीचा वर्ग, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि भिंतीवर लावलेले पांढरे धोतर. सरांनी एक समद्विभुज त्रिकोण आधीच रचून आणला होता. शिरोबिंदू पायाच्या लंबदुभाजकावर बांधलेला, त्यामुळे कसाही ओढला तरी त्रिकोण समद्विभुजच राहणार. शिरःकोन ३० अंश. सरांनी पायाचे तीन समान भाग केले आणि ते दोन बिंदू शिरोबिंदूला जोडले. वरच्या कोनाचे तीन भाग झाले. मापे पूर्ण अंशांत दाखवायची सोय केली होती. पडद्यावर आले: १०, १०, १०.

"म्हणजे कोनाचे तीन समान भाग करायची रीत सापडली. लिहून घ्या," सर गंभीरपणे म्हणाले. मुलांनी वह्या उघडल्या. मागून कोणीतरी ओरडले, "जमलं की ओ सर!"

मग सरांनी एका मुलीला बोलावले आणि शिरोबिंदू खाली ओढायला सांगितला. कोन वाढत गेला. ६० च्या आसपास मधला भाग फुगू लागला. १२० वर ती थांबली: ३०, ६०, ३०. वर्ग शांत. मुलगी कोणी न सांगता शिरोबिंदू परत वर घेऊन गेली. सरांनी मापे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवायला लावली. आता ३० अंशांच्या कोनाचे भाग होते ९.९०, १०.२१ आणि ९.९०. एका मुलाने लगेच बेरीज केली. "सर, ३०.०१ येतंय. एक शतांश कुठनं आला?"

त्या एका प्रश्नावर दहा मिनिटे गेली. खरी मापे ९.८९६..., १०.२०७... अशी लांबत जाणारी आहेत आणि पडदा ती जवळच्या शतांशापर्यंत तोडून दाखवतो, हे मुलांनी कॅल्क्युलेटरवर तपासले. पाठ घटकसंचात नसेल, पण तो शिकवला गेला. पट्टी-कंपासने कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रीत असूच शकत नाही, हे प्येर वांत्सेल या फ्रेंच गणितीने १८३७ मध्ये सिद्ध केले, असे सरांनी जाता जाता सांगितले.

तासाच्या दुसऱ्या भागात एक वेडावाकडा चौकोन अबकड आला. चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर आत समांतरभुज चौकोन तयार होतो. वारिन्यों यांचे हे प्रमेय १७३१ मध्ये छापले गेले. मुलांनी शिरोबिंदू ओढले. चौकोन अंतर्वक्र झाला, तरी आतला समांतरभुज तसाच. मग एकाने ड हा बिंदू बाजू ओलांडून इतका पलीकडे नेला, की दोन बाजू एकमेकींना छेदू लागल्या. असला चौकोन पुस्तकात कधी छापत नाहीत. तरी समांतरभुज टिकून होता.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याची आम्ही मागे बसून वाट पाहत होतो. "दिसतंय की सर. मग सिद्धता कशाला?"

सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी जुनी आकृती पुन्हा लावली आणि १०, १०, १० हे आकडे दाखवले. पाच-सहा मुले हसली. मग खडू उचलून फळ्यावर त्यांनी अक हा कर्ण काढला. एका बाजूला त्रिकोण अबक, दुसऱ्या बाजूला त्रिकोण अडक. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो, हे मुलांना येत होते. दोन्ही त्रिकोणांत तो अक ला समांतर आणि अक च्या निम्मा, म्हणजे समोरासमोरच्या दोन भुजा समांतर व समान. "ड कुठे आहे, याचा कुठे उपयोग केला?" सरांनी विचारले. कुठेच नाही. म्हणूनच ड कुठेही ओढला तरी चालत होते.

आमच्या मते गणितातील सॉफ्टवेअरचे खरे काम एवढेच आणि इतके मोठे आहे. खोटे विधान ते झटक्यात पाडते, आणि खरे विधान इतक्या ठिकाणी टिकलेले दाखवते, की ते का टिकते हे विचारल्यावाचून राहवत नाही. सिद्धतेची गरज सॉफ्टवेअरने कमी होते, अशी भीती काही ज्येष्ठ शिक्षक बोलून दाखवतात. ती अगदी निराधार नाही. मापे दाखवून 'म्हणून सिद्ध झाले' असे म्हणणारे तासही आम्ही पाहिले आहेत. त्या तासांना शिरोबिंदू शिक्षकांच्याच हातात होता, मुलांनी फक्त पाहिले.

ज्यावर 'शैक्षणिक' असा शिक्का नाही, असेही एक साधन जवळपास प्रत्येक शाळेच्या संगणकावर असते: आकडेमोडीचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट. कार्यालयात ते पगारपत्रकासाठी उघडले जाते. त्याच सरांनी दहावीच्या मुलांकडून त्यावर कोल्हापूरचाच एक प्रश्न सोडवून घेतला. अंबाबाईच्या देवळातील किरणोत्सव परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला असतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्याकडे येतात. हेच दिवस का?

सरांनी मुलांना दोन सूत्रे दिली. वर्षातील दिवसाचा क्रमांक घ्यायचा, त्यात १० मिळवायचे (२१ डिसेंबरपासून वर्षअखेरपर्यंतचे दिवस ते), ३६० ला ३६५ ने भागून त्याने गुणायचे, त्या कोनाचे कोसाइन घेऊन उणे २३.४४ ने गुणायचे. ही झाली सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर. तिचे साइन भागिले कोल्हापूरच्या अक्षांशाचे, १६.७ अंशांचे, कोसाइन. हे गुणोत्तर ज्या कोनाचे साइन असेल, तितक्या अंशांनी सूर्य नेमक्या पश्चिमेपासून ढळून मावळतो. मुलांनी ३६५ ओळी भरल्या. म्हणजे एक ओळ लिहिली आणि खाली ओढली.

तक्त्यात जे दिसले ते पाहून त्यांना स्वतःचेच नवल वाटले. १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस नंतर. म्हणून दोन्ही वेळी सूर्य जवळपास एकाच जागी, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला, मावळतो. डिसेंबरच्या अखेरीस तो साडेचोवीस अंशांपर्यंत जाऊन तिथे काही दिवस रेंगाळतो, पण नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकत असते. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश. म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या दिवसात सूर्य स्वतःच्या रुंदीपेक्षा थोडा जास्तच सरकतो. किरणोत्सव दोन-तीन दिवसांचाच का, आणि वाटेतल्या एखाद्या इमारतीचा कठडाही किरण का अडवू शकतो, हे मुलांनी आपणच सांगितले.

एका मुलीने मात्र पंचांग आणले होते. त्यातील क्रांती तक्त्यातील आकड्याशी जुळेना. १० नोव्हेंबरला तक्ता १७.८ अंश दक्षिण सांगत होता आणि पंचांग १७.२. चूक सूत्र भरण्यात झाली असेल म्हणून तिने सगळ्या ओळी पुन्हा तपासल्या. चूक नव्हती. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरते, असे धरून ते सोपे सूत्र बनवलेले होते. सरांनी तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, भोवती चौकट केली आणि 'पुसू नये' असे खाली लिहिले. पुढचा तास त्यावर होता.